वाचकांचे प्रश्न : ऑस्टिन सेव्हन टिकली, इतर का नाहीत?

प्रश्न : इंग्लंडमधील जुन्या मोटारींच्या मेळाव्यात ऑस्टिन सेव्हन मोठ्या संख्येने दिसल्या, त्याच काळातील मॉरिस मायनर आणि जर्मनीची डीकेडब्ल्यू मात्र क्वचितच दिसली. ऑस्टिन अधिक मजबूत होती काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मजबूत म्हणता येणार नाही. तिचा क्रँकशाफ्ट (पिस्टनची ये-जा चक्राकार गतीत बदलणारा दांडा) बरीच वर्षे दोनच बेअरिंगवर फिरत असे आणि त्याला तेल मिळे ते बारीक नळ्यांतून उडणाऱ्या धारेने. या नळ्या कचऱ्याने तुंबल्या की बेअरिंग जात आणि क्रँक मोडणे हेही नित्याचेच होते. तरीही १९२२ ते १९३९ या काळात सुमारे २,९०,००० गाड्या तयार झाल्याने सुटे भाग मुबलक होते, आणि ७४७ सीसीचे इंजिन इतके लहान व साधे होते की हौशी माणूसही ते घरच्या घरी खोलू शके.

१९२८ साली आलेल्या पहिल्या मॉरिस मायनरमध्ये वरच्या कॅमशाफ्टला (इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्याला) इंजिनासमोर उभ्या बसवलेल्या, वीज तयार करणाऱ्या डायनॅमोतूनच गती मिळत असे, त्यामुळे वरून झिरपलेले तेल थेट डायनॅमोत उतरे. कंपनीने १९३१ पासून साधे साइड-व्हॉल्व्ह (झडपा बाजूला असलेले, म्हणून वरच्या कॅमशाफ्टची गरज नसलेले) इंजिनही दिले ते उगीच नव्हे. डीकेडब्ल्यूची अडचण वेगळी होती : यंत्र चांगले, पण बॉडी प्लायवूडची आणि वरून कृत्रिम चामड्याचे आवरण, सांध्यात पाणी शिरले की लाकूड आतल्या आत कुजे. म्हणूनच युद्धानंतर जर्मनीत अशा अनेक गाड्यांवर पत्र्याची नवी बॉडी चढवली गेली.

ऑस्टिनला आणखी एका गोष्टीने तारले. मोडकळीला आलेली गाडी स्वस्तात घेऊन तिच्या चॅसीवर (खालच्या सांगाड्यावर) हलकी स्पोर्ट्‌स बॉडी बसवण्याची प्रथाच इंग्लंडमध्ये पडली. लोटस या स्पोर्ट्‌स मोटारींच्या कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९४८ मध्ये पूर्ण केलेली पहिली लोटस अशाच जुन्या ऑस्टिन सेव्हनमधून घडली. या छंदाने कितीतरी चॅसी आणि इंजिने भंगारातून वाचली, परंतु त्यासाठी मूळ सलून (बंद छताच्या) बॉड्या तोडल्या गेल्या याची खंत मला आजही वाटते.

बॉडीत लाकडी सांगाडा असलेली अशी जुनी गाडी विकत घेण्याचा विचार असेल, तर आधी दार उघडून त्याचे मोकळे टोक किंचित वर उचलून पाहावे : बिजागरीसकट खांबही हलला, तर रंग कितीही चकचकीत असला तरी आतले लाकूड गेले आहे असेच समजावे.