शेवटची दोन घरं सोड

दांडिया बाजारात बसून तू मोबाइलवर ठिपके-चौकटी खेळत होतास, ते पाहिलं. घराची, म्हणजे चार रेघांच्या चौकटीची, तिसरी रेघ आपण मारायची नाही, एवढं तुला कळलंय. पुढचं ऐक. अखेरीस पटावर लांब साखळ्या उरतात, म्हणजे ओळीने एकामागून एक घेता येतील अशी घरं. समोरच्याने तिसरी रेघ मारून एक उघडली की सगळी घरं घेऊ नकोस! शेवटची दोन राहिली की त्यांच्या मधली रेघ सोडून टोकाची मार. ती दोन्ही त्याला एका रेघेत मिळतील, पण पुढची साखळी त्यालाच उघडावी लागेल. साखळीची टोकं जुळून बंद वळसा झाला असेल तर चार सोड. फ्रेंच गणितज्ञ एदुआर लुका यांनी १८८९ मध्ये हा खेळ प्रसिद्ध केला. माझ्या मते त्याचं खरं सौंदर्य याच डावात आहे. आधी वहीत १६ ठिपक्यांवर सराव कर, मोठा पट नंतर.