इंजिन उघडायच्या आधी

प्रश्न : मी मुलुंडला राहते, शाळेत शिक्षिका आहे. मागच्या महिन्यात अंधेरीच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक ३,८५,००० रुपयांना घेतली. ६२,००० किलोमीटर चाललेली. ‘इंजिन एकदम मक्खन आहे मॅडम’ असं त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं. अकराव्या दिवशी घोडबंदर रोडवर गायमुखचा चढ चढताना बॉनेटखालून खट-खट सुरू झाली, ती काही थांबली नाही. भांडुपचा मेकॅनिक म्हणतो, कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला खालच्या शाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग गेलंय, इंजिन उतरवून उघडावं लागेल, ५५-६० हजार. डीलर म्हणतो, ‘चालवून बघून घेतलीत, गाडी आहे तशी घेतो या कागदावर सहीही केलीत, आता आमचा संबंध नाही.’ मेकॅनिकला सोमवारी हो सांगू का?

उत्तर : ताई, सोमवारी हो सांगू नका. गाडी आहे तिथे उभी करा आणि इंजिन कुणाला उघडू देऊ नका. तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा तो आवाज आहे आणि गाडी दुरुस्त झाली की तो पुरावा संपला. उद्या ग्राहक आयोगासमोर डीलरचा वकील एवढंच म्हणेल, ‘आमच्या माघारी इंजिन उघडलं, आत काय होतं आणि काय घातलं ते आम्हाला काय माहीत?’ त्यावर तुमच्याकडे उत्तर नसेल.

आधी आवाज नेमका कसला ते बघू, कारण प्रत्येक खट-खट म्हणजे डीलरची लबाडी नव्हे. सकाळी गार इंजिन सुरू करताना आवाज येऊन दोन-तीन मिनिटांत विरत असेल, तर टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) किंवा पिस्टनची झीज असू शकते. एवढ्या चाललेल्या गाडीत तेवढी झीज असणारच, असं कोणीही म्हणेल आणि तुमची बाजू लंगडी पडेल. फक्त चढावर, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक आवाज येत असेल, तर पेट्रोल चुकीच्या वेळी पेटत असेल. कार्बन, खराब पेट्रोल, सेन्सर, काहीही कारण असेल, डीलरपर्यंत ते पोचणार नाही. पण इंजिन गरम झाल्यावर खालच्या बाजूने, जाडसर, हातोडी मारल्यासारखा ठोका आणि आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, वाढतील तसा तोही वाढणारा असेल, तर तुमचा मेकॅनिक बरोबर असण्याची शक्यता दाट आहे. त्याला एक साधी तपासणी करायला सांगा : इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या कॉइलचं (स्पार्क प्लगला वीज देणाऱ्या भागाचं) कनेक्शन काढायचं. ज्याचं काढल्यावर ठोका मंदावतो, त्या रॉडचं बेअरिंग गेलेलं असतं. ही तपासणी मिनिटाभरात उरका, कारण असं इंजिन फार वेळ चालू ठेवलं तर रॉड तुटायची भीती असते. आणि हे जॉबकार्डवर लिहून घ्या, तारीख, किलोमीटर आणि शिक्क्यासह. तोंडी ‘बेअरिंग गेलंय’ला कोर्टात किंमत नाही.

डीलरचा हुकमी बचाव असेल की तुम्ही ऑइल न बघता गाडी दामटलीत. म्हणून आज रात्रीच, गाडी सपाट जागी उभी असताना, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून परत घालून काढा आणि पातळीचा फोटो घ्या. शेजारी कुणाला तरी उभं करा. पातळी खुणांच्या मध्ये असेल आणि ऑइलचा लाल दिवा कधी लागला नसेल, तर तो बचाव तिथेच बराच लंगडा पडला. ऑइल जरुरीपेक्षा घट्ट वाटलं तर मेकॅनिककडून तेही लिहून घ्या. बेअरिंगचा ठोका घट्ट ऑइलमध्ये दबतो, ही युक्ती जुन्या गाड्यांच्या बाजारात नवी नाही. आवाजाचा व्हिडिओ घ्याल तेव्हा एकाच शॉटमध्ये बॉनेट, नंबर प्लेट आणि मीटरचा आकडा येऊ द्या, तुकडे जोडू नका. ‘मक्खन’वाला चॅट असलेला फोन बदलू नका, चॅट पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा दाखल करताना प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा.

आता ‘आहे तशी’ कागदाबद्दल. त्याला अगदीच अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. माल विक्री कायदा, १९३० मध्ये कलम ६२ प्रमाणे कायद्याने गृहीत धरलेल्या हमी कराराने वगळता येतात. त्याच कायद्याचं कलम १६ असंही म्हणतं की, तुम्ही माल तपासून घेतला असेल, तर तपासात दिसायलाच हवा होता अशा दोषाबद्दल नंतर ओरड करता येत नाही. पण रॉडचं बेअरिंग दहा मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये दिसत नाही, घट्ट ऑइल घातलेलं असेल तर मुळीच नाही. शिवाय लेखी खोटं सांगून मिळवलेल्या संमतीला ‘आहे तशी’चं छप्पर मिळत नाही. भारतीय करार कायद्याचं कलम १७ फसवणुकीचं आणि १९ करार रद्द ठरवण्याचं आहे. नुसतं गप्प बसणं ही एरवी फसवणूक होत नाही, पण ‘एकदम मक्खन’ हे गप्प बसणं नव्हे. ते नुसतं कौतुक होतं असं तो म्हणेल. म्हणून दोष त्याला माहीत होता, हे दाखवणारी कुठलीही गोष्ट सोन्याची.

त्यासाठी गाडीसोबत मिळालेली जुनी विमा पॉलिसी काढा आणि ‘नो क्लेम बोनस’चा, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीचा, रकाना बघा. आधीच्या मालकाकडे गाडी सुरुवातीपासून असेल, विमा खंडित झाला नसेल आणि तरीही बोनस शून्य असेल, तर बहुधा अलीकडे दावा झालेला आहे. तो दावा कशाचा, ते शोधा. जुलैच्या पाण्यात बुडालेली गाडी हे मुंबईत नेहमीचंच. इंजिनात पाणी गेलं की रॉड वाकू शकतो आणि आवाज पुढे कधीतरी सुरू होतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे गाडीची सर्व्हिस हिस्टरीही मागा. किलोमीटरचा आकडा मागे फिरवलेला असेल तर तिथे सापडतो.

डीलर आणखी एक पळवाट काढेल : ‘गाडी आमची नव्हतीच, आम्ही फक्त मधले.’ तुम्ही पैसे कुणाच्या खात्यात भरले, पावती कुणाच्या नावाची, ते बघा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याचं अधिकारपत्र लागतं आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९-सी ने तसं कळवायचं असतं. त्याच्याकडे अधिकारपत्र नसेल, तर त्याबद्दल बोलणं त्यालाच महागात पडेल. गाडी तुम्ही डीलरऐवजी एखाद्या शेजाऱ्याकडून घेतली असती, तर ग्राहक आयोगाचा दरवाजाच बंद होता. मग दिवाणी दावा आणि तीन वर्षांची मुदत.

तर आता काय करायचं : डीलरला स्पीड पोस्टने, पोचपावतीसह, नोटीस पाठवा, तीच व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. त्यात लिहा की पंधरा दिवसांनी अमुक तारखेला, अमुक गॅरेजमध्ये, परवानाधारक सर्व्हेअरसमोर (विम्यासाठी गाडीचं नुकसान तपासणाऱ्या माणसासमोर) इंजिन उघडलं जाईल, तुम्ही किंवा तुमचा माणूस हजर राहा, न आल्यास गैरहजेरीत उघडू. आला नाही तर तीच त्याची चूक. उघडताना व्हिडिओ करा. निघालेले बेअरिंग शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) पिशवीत घालून, त्यावर गाडीचा नंबर आणि सर्व्हेअरची सही घ्या. इंजिनाखालच्या चेंबरमधलं ऑइल बाटलीत ठेवा, त्यात धातूचा चुरा दिसला तर तोच बोलेल. यातलं काहीही भंगारवाल्याकडे जाऊ देऊ नका, गॅरेजमधली मुलं ते सवयीने देऊन टाकतात.

नोटिशीला उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच ती करता येते, म्हणजे उपनगर जिल्ह्याचा वांद्रे पूर्वेचा आयोग. मुदत दोन वर्षांची. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही, हे वकिलाने सांगायचं म्हणजे जरा जड जातं. मागणी दोन टप्प्यांत लिहा : दुरुस्तीचा खर्च आणि नुकसानभरपाई, पर्यायाने गाडी परत घेऊन रक्कम. पूर्ण पैसे परत मिळतील अशी आस धरू नका, दुरुस्तीचा खर्च हा पक्का मुद्दा आहे. तपासणीची गरज असलेल्या तक्रारीला कायद्याने पाच महिने सांगितलेत, प्रत्यक्षात त्याहून जास्त धरून चाला. पोलीस चौकीत सध्या जाऊ नका, ‘दिवाणी बाब आहे’ एवढंच ऐकून परत याल. मीटर फिरवल्याचा कागद हातात आला, तर ते वेगळं.

नोटिशीचा मसुदा करायच्या आधी पॉलिसीतला तो बोनसचा आकडा मला कळवा.