कैद्यांच्या अदलाबदलीत मध्यस्थ देश नेमकं काय करतो? आणि भारत-पाकिस्तानात तो का दिसत नाही?

मी धुळे तालुक्यातला. सप्टेंबर २०१६ मध्ये बोरविहीरचा जवान नियंत्रण रेषेपलीकडे गेला आणि पाकिस्तानच्या ताब्यात सापडला, तेव्हापासून हा विषय आमच्याकडे घरोघरी बोलला गेलाय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही बाजू एकमेकींशी बोलायला तयार नसतात, किंवा बोलताना दिसणं त्यांना परवडत नाही, तेव्हा मध्यस्थ लागतो. त्याचं पहिलं काम म्हणजे आमच्याकडची कुठलीही आई आधी विचारेल त्या प्रश्नाचं उत्तर आणणं: पोऱ्या जिता शे का? १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार रेडक्रॉसला युद्धकैद्यांना भेटता येतं, त्यांची पत्रं पोचवता येतात. ती वाट बंद असेल तर मध्यस्थ देश हे काम करतो.

मग याद्या. खरी झटापट इथेच होते. कोणाचं नाव आहे, कोणाचं गाळलंय, कोण जखमी आहे म्हणून आधी यायला हवा, कोणावर खटला आहे म्हणून समोरचा सोडणार नाही. दोघांचे कागद मध्यस्थाकडून ये-जा करत राहतात. रशिया-युक्रेनमध्ये अदलाबदल कित्येक महिने थांबली होती. जानेवारी २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या मध्यस्थीने ती पुन्हा सुरू झाली; त्या एका दिवशी २३० युक्रेनी आणि २४८ रशियन घरी परतले. युद्ध मात्र चालूच होतं. माणसं परत यायला आधी तह व्हावा लागतो, हा समज म्हणूनच सोडून द्यावा.

माणसाच्या बदल्यात माणूसच द्यावा लागतो असंही नाही. जून २०२१ मध्ये अझरबैजानने १५ आर्मेनियन कैदी सोडले, ते अझरबैजानातल्या अगदाम भागात पेरलेल्या सुमारे ९७ हजार सुरुंगांच्या नकाशांच्या बदल्यात. मध्ये जॉर्जिया होता, दोघांचाही शेजारी, आणि कैदी त्याच्याच सीमेवर सोपवले गेले. मला हा सौदा फार मोलाचा वाटतो. एका बाजूची पोरं घरी आली, दुसऱ्या बाजूच्या शेतकऱ्यांचे पाय वाचायची सोय झाली.

आता आपलं. १९७१ च्या युद्धात भारत-पाकिस्तानचे राजनैतिक संबंध तुटले, तेव्हा दोघांचंही काम एकमेकांच्या राजधानीत स्वित्झर्लंड पाहत होतं. पुढे सिमला करारात (जुलै १९७२) वाद आपापसात बोलून सोडवायचं ठरलं. तरी सुमारे ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैदी आणि नागरिक परत जायला ऑगस्ट १९७३ चा दिल्ली करार आणि एप्रिल १९७४ उजाडावा लागला, कारण प्रश्न बांगलादेशाचाही होता. पाकिस्तानात अडकलेले बंगाली आणि बांगलादेशातून पाकिस्तानात जाऊ पाहणारे लोक यांचीही ने-आण त्याच वेळी झाली, आणि त्यात संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था विमानं घेऊन उतरली होती.

आज मध्यस्थ दिसत नाही, कारण दोन्ही लष्करांच्या कारवाई महासंचालकांमध्ये थेट हॉटलाइन आहे. बोरविहीरच्या जवानाची खबर त्याच वाटेने गेली. तेव्हा धुळ्याचेच खासदार डॉ. सुभाष भामरे संरक्षण राज्यमंत्री होते, त्यामुळे आमच्या भागाचं लक्ष सतत दिल्लीकडे असायचं. २१ जानेवारी २०१७ ला तो वाघा-अटारीवरून परत आला. ती अदलाबदल नव्हती. पाकिस्तानने त्याला सोडलं.

सामान्य कैद्यांसाठी, म्हणजे पकडलेले नागरिक आणि मच्छीमार यांच्यासाठी, २००८ चा करार आहे. दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. शिक्षा संपली आणि नागरिकत्व पक्कं झालं की महिन्याभरात सोडायचं, असं त्यात लिहिलंय. गाडी अडते ती नागरिकत्व पक्कं करण्यात. शिक्षा भोगून झालेली माणसं त्या एका कागदासाठी तुरुंगात बसून राहतात. इथे तिसऱ्या देशाची गरजच नाही. चौकशीला पक्की मुदत घातली तर पालघर-गुजरातच्या किती घरांत माणूस लवकर परत येईल.