डार्बींची बिडाची भांडी

प्रश्न : मी सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मोल्डरचे काम करतो. इंग्लंडमधील अब्राहम डार्बी यांनी १७०९ मध्ये कोकवर (दगडी कोळसा हवाबंद तापवून केलेल्या इंधनावर) लोखंड गाळले, असे वाचले. मग इतर कारखानदारांनी ती पद्धत उचलायला चाळीसेक वर्षे का लावली?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : याचे उत्तर डार्बी काय विकत होते, यात आहे. आपल्या नाशकातल्या तांबटांप्रमाणे त्यांचाही आरंभीचा धंदा पितळेचा होता. १६७८ मध्ये डडलीजवळ एका क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाच्या) कुटुंबात जन्मलेले डार्बी बर्मिंगहॅमला माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) दळण्याच्या गिरण्या बनवणाऱ्याकडे उमेदवारी करून ब्रिस्टलला आले आणि पितळेच्या व्यवसायात शिरले. पितळेचे भांडे गरिबाला परवडत नसे. तेच बिडात (ओतीव लोखंडात) ओतता आले तर गिऱ्हाईक घरोघरी मिळेल, हा त्यांचा हिशेब होता. वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचे पेटंट त्यांनी १७०७ मध्ये घेतले. (आपण रोज ज्या वाळूत हात घालता, तिचे मोल त्यांनी कोकच्या आधी ओळखले होते, हे सहसा सांगितले जात नाही.)

पुढे कोलब्रुकडेल येथील मोडकळीला आलेली भट्टी भाड्याने घेऊन त्यांनी ती लोणारी कोळशाऐवजी कोकवर चालवली. तिथल्या दगडी कोळशात गंधक कमी होते, हे त्यांचे भाग्यच म्हणायचे, कारण गंधकाने लोखंड ठिसूळ होते. कोकच्या भट्टीतल्या लोखंडात सिलिकॉन अधिक उतरे. त्यामुळे रस पातळ राहून साच्यात सर्वत्र पोहोचे आणि भांडे पातळ, हलके निघे. मात्र हेच सिलिकॉन लोहारकामाच्या भट्टीवाल्यांना नको होते, कारण असे कच्चे लोखंड शुद्ध करून घडीव लोखंड बनवण्याचा खर्च वाढत असे, आणि त्या काळी मोठी मागणी खिळे, पट्ट्या, सळया यांसाठी लागणाऱ्या घडीव लोखंडालाच होती. म्हणजे डार्बींना जे वरदान, ते इतरांना अडचण होती. घडीव कामाला चालेल असे कोकचे लोखंड १७५०च्या दशकात त्यांच्या मुलाने, दुसऱ्या अब्राहम डार्बींनी पुरवले, आणि त्यानंतर कोकच्या भट्ट्या झपाट्याने वाढल्या.

स्वतः डार्बी १७१७ मध्ये, चाळिशी गाठण्यापूर्वीच वारले. सेव्हर्न नदीवरचा प्रसिद्ध लोखंडी पूल अनेकदा त्यांच्या नावावर खपवला जातो, पण १७७९ मध्ये उभा राहिलेला तो पूल त्यांच्या नातवाचे, तिसऱ्या अब्राहम डार्बींचे काम आहे.