36 व्होल्टच्या ई-सायकलला दुसरी बॅटरी: जोडू नका, आळीपाळीने लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सायकल 36 व्होल्टची, बॅटरी 7.8 अँपिअर-अवरची, गाव ते पवनी जाऊन-येऊन 34 किलोमीटर, आणि परतताना अर्ध्या रस्त्यातच दम तोडते. दुसरी बॅटरी समांतर (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडली तर चालेल का, आणि घरी पडलेली फवारणी पंपाची बॅटरी त्यासाठी कामी येईल का?

दुसरी बॅटरी बिनधास्त घ्या, पण पहिलीला जोडू नका. एक संपली की तिची पिन काढायची, दुसरीची लावायची. पंपाची बॅटरी पंपालाच राहू द्या.

माझं लाखांदूर तालुक्यात मोटार वायंडिंगचं आणि पंप दुरुस्तीचं दुकान आहे. अलीकडे ई-सायकलीही येतात, आणि 'दोन्ही एकत्र करून द्या ना भाऊ' असं बहुतेक जण म्हणतात. मी नाही म्हणतो, त्याचं कारण पुढे येतंच. त्याआधी एक विचारतो: पवनीत तुम्ही दिवसभर कामावर असता का? असाल तर दुसऱ्या बॅटरीची गरजच नाही. 2 अँपिअरचा चार्जर पिशवीत टाकून न्या, चार-साडेचार तासांत तुमची बॅटरी भरते. वीज लागते साधारण एक तृतीयांश युनिट. दुकान मालकाला तेवढे पैसे देऊ केले तर तोच हसेल.

तिथे सोय नसेल तर हिशोब बघा. 36 गुणिले 7.8 म्हणजे 280 वॉट-अवर. नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे पेडल न मारता, एक माणूस आणि डबा-पिशवी धरून, किलोमीटरला 12 ते 15 वॉट-अवर जातात. म्हणजे 19 ते 23 किलोमीटर. तुम्हाला 34 साठी साडेचारशे-पाचशे हवेत. 36 व्होल्ट 10 अँपिअर-अवरची दुसरी घेतली की 360 वाढतात आणि हेडविंड, चिखल, मागे बसलेलं पोरगं, सगळं धरून उरतं.

आता जोडायचं का नाही ते. 36 व्होल्टच्या लिथियम-आयन पॅकमध्ये दहा सेल ओळीने असतात. पूर्ण भरल्यावर मल्टिमीटर 42 च्या आसपास दाखवतो, संपत आल्यावर 32-33. समजा तुम्ही वाटेत एक रिकामी झाल्यावर भरलेली तिच्या जोडीला लावली. मधला फरक आठ-नऊ व्होल्ट, आणि दोन्ही पॅक मिळून आतला रोध जेमतेम पाव-तृतीयांश ओहम. म्हणजे पिन टेकल्या क्षणी भरलेल्यातून रिकाम्यात 25-30 अँपिअर घुसतात. भरलेल्या बांधीचा धुरा फोडला की खालच्या बांधीत पाणी कसं धावतं, तसंच. रिकाम्या पॅकला चार्जर देतो 2 अँपिअर, इथे त्याच्या दहापटीहून जास्त जातात. तेही बहुतेक वेळा डिस्चार्जच्या वायरीतून उलटे, जिथे चार्जिंगचा करंट मोजून तोडायची सोय स्वस्त बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरीतल्या संरक्षण सर्किटमध्ये, असेलच असं नाही. कधी फ्यूज उडतो, कधी बीएमएस मरतो, कधी सेल गरम होऊन फुगतात.

समांतर अजिबातच जमत नाही असं नाही. सेलचा प्रकार एक, ओळीतली संख्या एक, दोन्ही पूर्ण भरून फरक दशांश एक-दोन व्होल्टच्या आत, आणि एकदा जोडल्यावर परत कधी सुट्या करायच्या नाहीत, तर जमतं. जुनी-नवी जोडी असेल तर ते नको. काही जण प्रत्येक बॅटरीच्या प्लसमध्ये शॉट्की डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, टाकतात. उलटा करंट थांबतो, पण डायोडवर अर्धा व्होल्ट जातो, 10 अँपिअरला 5 वॉट उष्णता होते, म्हणजे अॅल्युमिनियमचा हीटसिंक आलाच. आपल्याकडे मे महिन्यात ब्रह्मपुरीचा पारा 46-47 ला टेकतो, त्यात अजून एक तापणारी वस्तू कशाला?

ओळीने, म्हणजे सिरीजमध्ये, तर चुकूनही नाही. 42 आणि 42 मिळून 84 व्होल्ट होतात. 36 च्या कंट्रोलरमधले, म्हणजे मोटारला करंट सोडणाऱ्या डब्यातले, कपॅसिटर बहुधा 50 किंवा 63 व्होल्टचे असतात, ते फटाक्यासारखे जातात.

म्हणून आळीपाळीने. दोन्ही बॅटऱ्यांना एक्सटी-60 कनेक्टर लावा, बॅटरीकडे मादी (भोकांची) बाजू, म्हणजे उघडी पिन लोखंडाला टेकणार नाही. कंट्रोलरकडे एकच नर कनेक्टर. दोन बॅटऱ्या एकाच वेळी लागूच शकत नाहीत, हीच यातली खरी सुरक्षा. एका बॅटरीवरून दुसरीवर नेणारा चेंजओव्हर स्विचही लावता येतो, पण घरातला 6 अँपिअरचा स्विच नको. तो एसीसाठी असतो, डीसीची ठिणगी त्यात विझता विझत नाही. पिन बदलताना सायकलची चावी बंद ठेवा. तरीही लावताना 'टच' असा आवाज होऊन बारीक ठिणगी दिसेल, ते कंट्रोलरचे कपॅसिटर भरतात, घाबरू नका. फक्त अर्धवट टेकवून ठेवू नका, एका दमात आत ढकला, नाहीतर पिनेचं टोक काळं पडत जातं.

वायर तांब्याची अडीच स्क्वेअर एमएम पुरते. प्रत्येक बॅटरीच्या प्लसवर, बॅटरीच्या अगदी जवळ, साधारण 20 अँपिअरचा फ्यूज हवाच. मोटारसायकलचा चपटा फ्यूज मात्र साधारण 32 व्होल्टपर्यंतचा असतो. 58 व्होल्ट किंवा जास्तचा मागून घ्या, दुकानदार 'सगळे सारखेच' म्हणेल.

दुसरी बॅटरी कॅरिअरवर बांधू नका. आपल्या रस्त्यावर सगळ्यात जास्त धक्के मागेच बसतात आणि सेलवरच्या निकेलच्या पट्ट्या सुटतात. फ्रेमच्या त्रिकोणात, खाली जाड फोम, वर पट्टा. अडीच-तीन किलो वजन आहे, हँडल जड होत नाही. पावसात वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल, कनेक्टरमध्ये जाणार नाही.

घेताना सेल कोणते ते विचारा. एलएफपीचा (लिथियम आयर्न फॉस्फेट सेलचा) '36 व्होल्ट' पॅक बारा सेलचा असतो आणि त्याचा चार्जर 43.8 व्होल्ट देतो. तोच चार्जर तुमच्या जुन्या बॅटरीला लागला की प्रत्येक सेल 4.2 ऐवजी 4.38 वर जायला बघतो. पिना अनेकदा सारख्याच असतात, म्हणून बॅटरी आणि तिचा चार्जर दोन्हींवर एकाच रंगाची टेप गुंडाळा. चार्जिंग रात्री किंवा पहाटे, टिनाखाली दुपारी कधीच नाही. उन्हातून आल्यावर बॅटरी हाताला कोमट लागेनाशी होईपर्यंत थांबा.

पंपाची बॅटरी 12 व्होल्ट 8 अँपिअर-अवरची, बहुतेक लेड-अॅसिड. 36 साठी अशा तीन लागतील, वजन सात किलोच्या वर, आणि सायकलइतका करंट ओढला की लिहिलेल्याच्या साठ टक्के मिळाले तरी नशीब.

आणि पैसे मोजायच्या आधी जुनी तपासा. पूर्ण चार्ज करून तासाभराने मीटर लावा. 41.5 च्या वर असेल तर ठीक. 41 च्या खाली दिसली तर आतला एखादा सेल बसलेला असण्याची शक्यता मोठी, मग आधी तिची दुरुस्ती बघावी लागेल. आकडा आणि कंट्रोलरच्या लेबलवरचे अँपिअर इथे खाली लिहा, फ्यूज किती घालायचा ते त्यावरून नक्की सांगतो.