विचारा ताईला : यांना कसिनो, मला पणजी

प्रश्न : ताई, आमच्या लग्नाला या महिन्यात पाच वर्षं होतायत. सासूबाई स्वतःहून म्हणाल्या पोराला मी बघते, तुम्ही दोघं एक दिवस कुठेतरी जाऊन या, तर पणजी ठरलीये, सकाळी निघायचं नि रात्री घरी. पण यांचं म्हणणं गाडी काढू, कळंगूट-बागा करू आणि संध्याकाळी कसिनो. मला तसलं काही नकोय, जुनी घरं, नदी, निवांत फिरणं एवढंच हवंय. वर आमची तारीख आलीय सोमवारी, म्हणजे मासेपण बंद! काय काय होईल एका दिवसात आणि यांना पटवू कसं? (एक वाचक, कुडाळ)

ताई : अगं, कुडाळच्या माणसाला समुद्र बघायला कळंगूट कशाला, निवती आणि भोगवे काय पळून चाललेत? हे आधी यांना विचार. कसिनोच्या बोटी मांडवीत उभ्याच असतात, काठावरून फुकट दिसतात, आत जायला माणशी हजारांत पैसे मोजा आणि एकदा आत गेलात की संध्याकाळ गेली, नदी कुठल्या बाजूला आहे तेपण कळत नाही.

गाडी पण नको, माझं ऐक. पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये यांचं डोकं फिरणार, मग पणजीत पार्किंग शोधत गोल गोल, आणि लग्नाच्या वाढदिवसाला भांडण. सरळ सकाळची बस पकडा, एसटी नाहीतर कदंब (गोव्याची सरकारी बस), शेजारी शेजारी बसून गप्पा मारत जा. पणजीच्या कदंब स्टँडवर उतरलात की आधी परतीच्या शेवटच्या बसची चौकशी करून ठेवा, हे विसरू नका. मग ओरेमची खाडी ओलांडा, दहा मिनिटांत चालत तुम्ही फोन्तेन्हासला, म्हणजे पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज घरांच्या वस्तीत. वाटेत कुठल्याही साध्या हॉटेलात पातळ भाजी-पाव किंवा बन्स खा, सोमवार म्हणून काही अडत नाही, गोव्यात शिवराक (शाकाहारी) खाणाऱ्याचे हाल होत नाहीत.

फोन्तेन्हासमध्ये नऊच्या आत पोचा, नंतर टूरवाले येतात आणि गल्लीत पाय ठेवायला जागा राहत नाही. पिवळी, निळी, विटकरी घरं, पांढरा रंग चर्चचा म्हणून तो घरांना द्यायचा नाही असा पोर्तुगीज काळातला दंडक, तो अजून बराचसा पाळतात. काही जुन्या खिडक्यांना काच नाहीये, लाकडाच्या चौकटीत शिंपल्यांचे पातळ चौकोनी तुकडे बसवलेत, जवळ जाऊन बघ, उजेड दुधासारखा आत जातो. तिथलंच सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपेल उघडं असलं तर जरूर आत जा. आतला क्रूस मूळ जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या) वाड्यातला, आणि त्यावरच्या येशूचे डोळे चक्क उघडे आहेत. ज्यांची चौकशी चालायची ते लोक याच्यासमोर उभे राहायचे, हे माहीत असलं की वेगळंच वाटतं.

मग रमतगमत मोठ्या चर्चकडे, पायऱ्या चढून वर. वरची ती मोठी घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठातली, १८७१ साली इथे चढवली. तिथून नदीकडे उतरलात की जुनं सचिवालय, मूळचा आदिलशाहाचा वाडा, १७५९ पासून पोर्तुगीज व्हाइसरॉय तिथे राहायचे आणि २००० पर्यंत गोव्याची विधानसभा त्यातच भरायची. शेजारी आबे फारियाचा पुतळा, कांदोळीत जन्मलेला हा पाद्री पॅरिसला जाऊन संमोहन करायचा. पुतळ्यात तो हात पसरून उभा आणि समोर एक बाई कोसळतेय. यांना फोटो काढायचा असेल तर तिथे काढू दे, जोक ते स्वतःच करतील.

आता यांना पटवायची युक्ती. दुपारपासून स्कूटर त्यांच्या हातात दे. पणजीत भाड्याने मिळते, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, साध्या पांढऱ्या पाटीची कोणी देत असेल तर नको म्हणा, आणि ओरिजिनल लायसन्स बरोबर असू दे. रायबंदरवरून जा. तो सरळसोट रस्ता म्हणजे १६३३-३४ मध्ये बांधलेला बांध आहे, जवळजवळ ३ किलोमीटर, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं, मला तर अख्ख्या पणजीपेक्षा हा रस्ता आवडतो. जुन्या गोव्यात सगळी चर्चं बघत बसू नका, पाय दुखतील आणि चौथ्या चर्चनंतर सगळी सारखीच दिसतात. फक्त बॉम जीझस, जिथे सेंट फ्रान्सिस झेव्हियरचं शव ठेवलंय (खांदे-गुडघे झाकलेले असू देत, मग सलवार-कुडता बेस्ट), आणि मग व्हाइसरॉयच्या कमानीखालून थेट फेरीबोटीवर.

ताई म्हणून सांगते, या दिवसात रोमँटिक काय असेल तर ती फेरीबोट. डीजेवाली क्रूझ नव्हे, ही साधी गंजकी बोट. चालत चढणाऱ्याला तिकीट नाही, स्कूटर लावायची आणि कठड्याला टेकून उभं राहायचं, पाच-दहा मिनिटांत दिवाडी बेट. बेटावर भातशेती, टेकडीवर पिएदादचं चर्च, वरून मांडवी दोन्ही अंगांनी दिसते. तुमची तारीख सोमवारची ना, मग तसेच पुढे जा, बेटाच्या पलीकडच्या टोकाला दुसरी फेरीबोट आहे, ती नार्वेला सोडते, डिचोलीच्या बाजूला. तिथे सप्तकोटेश्वर. हा देव मूळचा दिवाडीचाच, कदंब राजांचा, पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर लिंग नदीपार नार्वेला आणलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देऊळ बांधायला घेतलं. दारावर शके १५९० चा लेख आहे, वर मान करून वाचा. अलीकडेच डागडुजी झालीय, २०२३ मध्ये पुन्हा खुलं केलं. सोमवारी शंकराचं दर्शन झालं म्हटल्यावर सासूबाई पुढच्या वर्षीपण पोराला सांभाळतील बघ.

तिथून साडेचारला निघा, सहाच्या आत स्कूटर परत आणि मग सचिवालयासमोर नदीकाठाने चालत राहा, बस येईपर्यंत. घरी बेबिंका, म्हणजे गोव्याचा थरांचा गोड केक, घेऊन जा. यांना मात्र सांग, बाटली नको, इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते आणि परमिटशिवाय गोव्याची दारू इकडे आणणं गुन्हा आहे.

प्रश्न : ताई, माझं लग्न ठरलंय. फोन्तेन्हासमध्ये प्री-वेडिंग शूट करायचंय, फोटोग्राफर, तीन ड्रेस, धुराच्या कांड्या वगैरे. परवानगी लागते का? (एक वाचक, मालवण)

ताई : अरे, तिथे माणसं राहतात! कोणाच्या ओट्यावर बसून, कोणाच्या खिडकीला हात लावून पोज देतात लोक, आणि आतली आजी कपडे वाळत घालायला बाहेर येऊ शकत नाही. वैतागून लोकांनी फोटो काढू नका म्हणून पाट्या लावल्यात. तुझ्या दारात सकाळी सातला कोणी धूर सोडला तर काय करशील? सकाळी दोघंच जा, मोबाइलवर रस्त्यातून चार फोटो काढा, बास. ड्रेस-बिस सगळं दिवाडीच्या बांधांवर करा, तेसुद्धा शेत ज्याचं त्याला विचारून.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीचे, पणजी एका दिवसात झेपणार नाही. जवळपास नदीकाठचं जुनं गाव सुचवा. (एक जोडपं, रत्नागिरी)

ताई : राजापूर की! अर्जुना नदीकाठचं जुनं बंदर, सतराव्या शतकातच इंग्रजांनी वखार घातलेली, आणि पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवले म्हणून महाराजांनी १६६१ मध्ये इथले इंग्रज पकडून नेले. बाजार फिरा, मग धूतपापेश्वर, देवळाशेजारीच धबधबा पडतो. उन्हाळे गावातली गरम पाण्याची कुंडं पण जवळच, राजापूरची गंगा (अधूनमधून प्रकट होणारे झरे) आली असेल तर मात्र गर्दी बघून वेळ ठरवा. पाऊस ओसरल्यावरच जा, मुसळधार पावसात अर्जुनेचं पाणी जवाहर चौकात शिरतं आणि त्या दिवशी दुकानदार माल वर चढवण्यात गुंतलेले असतात, चहासुद्धा मिळायचा नाही.