बाबांच्या आजाराचं औषध मुलीकडे मागू नका

ताई, मुलीला नीटमध्ये हवे तेवढे मार्क पडले नाहीत, तिला बायोटेक्नॉलॉजी करायचंय आणि तुम्ही रिपीटसाठी अडून बसलात. मार्कांचं सोडा. मला तुमच्या पत्रातलं हे वाक्य खटकलं: "सासरे पॉलिसिस्टिक किडनीने गेले, ह्यांचं डायलिसिस चालू आहे, आता पोरीनेच डॉक्टर होऊन औषध काढावं."

हे तुम्ही तिच्यासमोरही बोलत असणार. शेजारच्या खोलीत वडील फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेला हात जपत पडलेत आणि ही टेस्ट सिरीज सोडवतेय. चुकलेलं प्रत्येक उत्तर तिला वडिलांप्रती केलेला अपराध वाटत असेल. पॉलिसिस्टिक किडनी म्हणजे किडनीत पाण्याच्या गाठी वाढत जाण्याचा आनुवंशिक आजार. त्याला कारण ठरणारं पीकेडी1 हे जनुक 1994 मध्ये सापडलं. या गाठींची वाढ मंदावणारं टोल्वाप्टान हे औषध 2014 मध्ये पहिल्यांदा जपानमध्ये मंजूर झालं, आणि तेही आजार बरा करत नाही. जगभरातल्या प्रयोगशाळांना जे जमलेलं नाही, ते एका पोरीच्या गळ्यात घालणं अन्याय आहे.

डॉक्टर झाल्याशिवाय यावर संशोधन करता येत नाही, हा निव्वळ गैरसमज. पीकेडी1 ज्या 16व्या गुणसूत्रावर आहे, तिथेच त्याच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळणाऱ्या सहा नकला आहेत. तपासणीत दिसलेला बिघाड खऱ्या जनुकातला की नकलेतला, हे ओळखणं फार किचकट. त्यासाठी रेण्वीय जीवशास्त्र आणि बायोइन्फर्मॅटिक्स (संगणकावर जनुकीय माहिती तपासण्याचं शास्त्र) शिकलेली माणसं लागतात. हैदराबादच्या सीसीएमबीत, दिल्लीच्या आयजीआयबीत, म्हणजे जीवशास्त्राच्या सरकारी संशोधन संस्थांत, अशी कामं करायला एमबीबीएसची अट नाही. बीएस्सी, जॅम (एमएस्सीची प्रवेश परीक्षा), एमएस्सी, नेट (संशोधनाच्या फेलोशिपची परीक्षा), पीएच.डी. हा सरळ रस्ता आहे. बारावीनंतर थेट विज्ञान-संशोधनाचं शिक्षण देणाऱ्या आयसर या संस्थांची प्रवेश परीक्षा वेगळी. वर्षं भरपूर जातात, सुरुवातीला पैसा बेताचा. तिला आवड असेल तरच पाठवा.

पण करिअरच्या आधीचा एक प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाही. वडिलांना हा आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता 50 टक्के असते, मुलगा असो की मुलगी. जीवशास्त्र शिकलेल्या मुलीला हे ठाऊक असणारच, आणि ती गप्प आहे. तिला नेफ्रॉलॉजिस्टकडे (किडनीतज्ज्ञाकडे) आणि जेनेटिक काउन्सेलरकडे, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्याकडे न्या. रक्तदाब नियमित मोजा. सोनोग्राफी किंवा जनुक तपासणी तिच्या नकळत अजिबात उरकू नका. निकाल कळून घ्यायचा का, कधी, हे तिला ठरवू द्या.

क्लासची फी त्यानंतर भरा, तीही तिने मागितली तर.